मदत हवी आहे: आमच्या कृष्णाचा आवाज फुटतोय, प्रयोगाला नऊ आठवडे उरलेत

नमस्कार मंडळी. गाणं शिकवणाऱ्या, संगीत नाटकात कामं केलेल्या आणि ज्यांच्या घरात या वयाचा गाणारा मुलगा होता, अशा सगळ्यांनाच विचारते आहे. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आमचा तेरा ते एकवीस वयाच्या मुलामुलींचा हौशी नाट्यगट आहे. आजवर एकांकिका केल्या, यंदा पहिल्यांदाच 'संगीत सौभद्र' बसवतोय. दिग्दर्शन माझ्याकडे आहे. मूळ नाटकातली पदं शंभराच्या वर. त्यातली बावीस ठेवून अडीच तासांची रंगावृत्ती केली. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीच गेले, त्यामुळे संहितेच्या हक्कांचा प्रश्न नाही. नेपथ्य, कपडे मार्गी लागलेत.

कृष्ण करतोय तो मुलगा नववीत आहे. निवड केली तेव्हा काळी चार पट्टीत (म्हणजे पेटीची चौथी काळी 'सा' धरून) तार षड्जावर, वरच्या 'सा'वर, इतका स्वच्छ थांबायचा की बाकीची मुलं बोलायची थांबायची. दोन महिन्यांत ते सगळं गेलं. गेल्या रविवारी 'प्रिये पहा' घेत होतो. पट्टी आधीच उतरवलेली. मधल्या स्वरांत ठीक होता, वर चढताना स्वर मध्येच तुटला, खालून घोगरा आला, मग परत बारीक. पेटीवरच्या दादाला त्याने खुणेनंच 'परत' म्हणून सांगितलं. तीनदा घेतलं, तीनदा तेच. चौथ्यांदा दादाने सूर दिला तरी याने तोंड उघडलं नाही, उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिला. कुणी हसलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. रुक्मिणी करणाऱ्या मुलीने पद संपल्याचं धरून पुढचं वाक्य घेतलं, आणि यानं जे उत्तर दिलं ना, तेव्हा लक्षात आलं की गद्यात आता त्याच्या आवाजाला वजन आलंय. जूनमध्ये तो गोड मुलगा वाटायचा. आता सगळं ठाऊक असून गप्प बसलेला कृष्ण वाटतो. म्हणूनच त्याला काढायला मन घेत नाही.

पट्टी बदलून बघितली. काळी एकमध्ये वरचे स्वर लागतात, पण खाली मंद्र पंचमापाशी, म्हणजे खालच्या 'प'पाशी, नुसती हवा येते, खर्जातला खालचा आवाज अजून तयारच झालेला नाही. शिवाय रविवारी जी पट्टी बसते ती गुरुवारी बसत नाही. या आठवड्यात त्याला पांढरी दोन सोयीची वाटतेय, आणि तिथे तबल्याचा घोळ होतो. तबला गाणाऱ्याच्या 'सा' किंवा 'प'ला लावतात. रुक्मिणी काळी चारमध्ये गाते. कृष्ण काळी एकमध्ये असता तर त्याचा पंचम म्हणजे काळी चारच, एका तबल्यावर दोघांचं निभावलं असतं. पांढरी दोनला तो तबला अजिबात चालत नाही, आणि चालू प्रवेशात हातोडी घेऊन तो परत सुरात लावत बसायला वेळ कुठला? दुसरा तबला पांढरी सहाला लावून शेजारी ठेवता येईल, पण प्रयोगापर्यंत हीच पट्टी राहील याचा भरवसा काय?

सल्ले दोन मिळालेत आणि दोन्ही उलटसुलट. एका जुन्या गवयांचं म्हणणं, रियाज वाढवा, आवाज आपोआप बसेल. दुसरे म्हणतात, सहा महिने गाणं पूर्ण बंद. मला पहिलं पटत नाही. स्वरयंत्र वाढतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होतायत, शेवटी आवाज साधारण सप्तकभर खाली जाऊन स्थिरावणार. ते किती दिवसांत, हे प्रत्येकाचं वेगळं. यात जोर लावून वर चढवणं म्हणजे गळ्याशी भांडण. म्हणून तालमीत ओरडणं आणि ताणून गाणं मी बंद केलंय. पण हलकं, मधल्या स्वरांतलं गाणं चालू ठेवावं की तेही नको?

माझ्या डोक्यात एक तोड आहे, तिच्याबद्दल खरं मत हवंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणायचे, पात्रं गद्य बोलायची. पात्रांनी स्वतः गायची रीत रुळली ती किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, १८८० मध्ये. मग आमच्या सूत्रधाराने रंगमंचावरच, कडेला उघड बसून कृष्णाची अवघड पदं म्हटली आणि कृष्णाने ती नुसती अभिनयातून निभावली तर? विंगेतून लपून गाणं मला नकोय, त्यात मुलाचं काहीतरी झाकल्यासारखं होतं. साकी-दिंडी या पद्यप्रकारांसारख्या थोड्या स्वरांत फिरणाऱ्या चाली मात्र त्याच्याकडेच ठेवायच्या, त्या तो आजही छान म्हणतो. माझी भीती एवढीच, की बाकी सगळी पात्रं स्वतः गाणार आणि एकटा कृष्ण नाही, हे प्रेक्षकाला खटकेल का? मग सगळ्यांचीच एक-दोन पदं सूत्रधाराकडे द्यावीत का, म्हणजे ती प्रयोगाची रीतच वाटेल? कुणी असं केलेलं किंवा पाहिलेलं असेल तर कसं वाटलं ते नक्की लिहा.

दुसरा मार्ग म्हणजे एकोणीस वर्षांच्या एका मुलाला कृष्ण देणं. आवाज पक्का आहे, पदंही पाठ आहेत. सोपं आहे, मला माहीत आहे. या मुलाच्या आईला फोन केला होता. काकू एवढंच म्हणाल्या, "तू ठरवशील ते आम्हाला मान्य आहे. फक्त जे काय असेल ते त्याला तू स्वतः सांग, दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस."

गुरुवारी तालीम आहे, त्याआधी त्याच्याशी बोलायचंय.

भर: खाली दोघा-तिघांनी विचारलंय म्हणून लिहिते. घसा दुखत नाही, गिळताना त्रास नाही, सर्दी-खोकलाही नाही. तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायला काकू तयार आहेत, बुधवारची वेळ मिळालीय. आणि हो, मुलाला स्वतःला काय हवंय हे मी अजून विचारलेलं नाही. ज्यांनी हा प्रश्न केला त्यांचे आभार, गुरुवारी सुरुवात तिथूनच करेन. पट्टी आणि सूत्रधाराबद्दल मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही, त्याची वाट बघतेय.