४३ व्या वर्षी बॅगपाइप: चँटर जमला, पण पिशवीवर दम टिकत नाहीये

क्लाइडकाठ
नमस्कार मंडळी. ग्लासगोत राहतो, वय ४३. लहानपणी सांगलीत चार-पाच वर्षं पेटी शिकलो होतो, मग नोकरी वगैरेत सगळं सुटलं. इथे दर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिप असते, ती बघायला दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेलो. मैदानाच्या कडेला बँड गोल करून उभे असतात आणि एकजण प्रत्येकाचे ड्रोन, म्हणजे खांद्यावरच्या एकच सूर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या, जुळवत फिरत असतो, तिथे अगदी जवळ उभा होतो, आणि तो सूर कानाआधी छातीत लागला. संध्याकाळपर्यंत तिथून हललो नाही. तेव्हाच ठरवलं की हे शिकायचं.

इथे पहिल्यांदा कोणी पिशवी हातात देत नाही. पाइपवर बोटांनी सूर वाजवायची जी नळी असते ती चँटर. आधी तिचीच सरावाची बिनपिशवीची जोडीदार, प्रॅक्टिस चँटर, साधारण पाव्यासारखी, आवाज बारीक. रोज जेवणं झाल्यावर २०-२५ मिनिटं असे सात महिने केले. डबलिंग, ग्रिप, थ्रो ऑन डी हे बोटांचे झटपट कण बऱ्यापैकी बसलेत, बर्ल हा त्यातलाच एक अजून कच्चा आहे कारण उजव्या हाताची करंगळी हवी तशी ओढली जात नाही. पाच ट्यून पाठ आहेत.

गेल्या महिन्यात बँडने त्यांचे जुने पाइप वापरायला दिले आणि सगळंच विस्कटलं. दीड मिनिटात ओठांच्या कडेनं हवा फसफसायला लागते, ड्रोन वर-खाली होतात, आणि त्या गडबडीत चँटरवर पाठ असलेली ट्यून पण बोटं विसरतात. आमचे सर सत्तरीचे आहेत, फार प्रेमानं शिकवतात, पण सांगतात एवढंच की स्टेडी फुंक. मी स्टेडी फुंकतोय असंच मला वाटतं!

तर हे वयामुळे आहे का, दमसास वाढवायला वेगळं काही करावं का? आणि फोनवरचा ट्यूनर लावला तर तो लो ए ला ए म्हणतच नाही, बी फ्लॅट आणि बी च्या मधलं काहीतरी दाखवतो, ते ट्यून केल्यावरही सी शार्प कायम उतरलेला दाखवतो. पाइप खराब आहेत का माझे? फ्लॅटमध्ये राहतो, खाली एक आजी राहतात, त्यामुळे घरात पूर्ण पाइप वाजवताच येत नाहीत हाही एक घोर आहे.

लीथकर ताई
दादा, वयाचं मनातून काढून टाका आधी. मी ४७ ला सुरू केलं, आता ५३ आहे, ग्रेड ४बी च्या, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या बँडमध्ये वाजवते, आमच्यात साठीनंतर शिकलेले दोघं आहेत. फुप्फुसांची ताकद हा यातला फार छोटा भाग आहे, खरंच सांगते.

दीड मिनिटात ओठ सुटतायत म्हणजे दोनच गोष्टी असणार, हवा गळतेय किंवा रीड, म्हणजे आतली आवाज काढणारी पत्ती, कडक आहे. बँडचे पाइप ना, मग चँटरमध्ये आधीच्या माणसाचं रीड असणार, तो दहा वर्षं वाजवणारा असेल तर त्याचं रीड तुम्हाला झेपायचं नाही. सरांना सांगा, सोपं रीड द्या म्हणावं, लाजू नका. सोप्या रीडवर सुरू करून हळूहळू वर जायचं, सगळे असेच गेलेत.

गळती अशी बघा. चँटर आणि तिन्ही ड्रोन काढून ठेवा, त्यांच्या जागी पिशवीच्या तोंडांना बूच घट्ट लावा, ब्लोपाइप, म्हणजे फुंकायची नळी, तेवढी ठेवा, आणि पिशवी दगडासारखी होईपर्यंत फुंका. मग तोंड काढून एक मिनिट थांबा. मिनिटानंतर थोडी जरी हवा फुंकली तरी आत जायला नको, जात असेल तर गळती आहे. आधी ब्लोपाइपच्या टोकाची झडप बघा, मग सगळे सांधे. सांध्यांवर मेण लावलेला दोरा गुंडाळलेला असतो, थंडीत घरात हीटिंग चालू राहिलं की लाकूड आकसतं आणि दोरा ढिला पडतो. माझ्याबाबतीत हेच झालं होतं, मी तीन महिने स्वतःला दोष देत बसले आणि दोष निघाला दोन वेढे दोऱ्याचा.

आणि एक, वाजवून झालं की पाइप तसेच पेटीत कोंबू नका. ब्लोपाइप पुसा, रीड वाळू द्या, पिशवी उघडी ठेवा थोडा वेळ. आत ओल राहिली की बुरशी धरते आणि ती श्वासातून फुप्फुसात जाते. २०१६ मध्ये थोरॅक्स नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या एका पायपरची केस आली होती, ते गृहस्थ दगावले. घाबरवायला नाही सांगत, पण सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

निवृत्त पायपर
जय हिंद. मी इन्फंट्रीत होतो, पाइप बँडमध्ये १४ वर्षं, आता बेळगावला असतो. ताईंनी गळतीचं बरोबर सांगितलंय, मी हाताचं सांगतो, कारण भाऊ तुमचं खरं दुखणं मला हातात दिसतंय.

नवीन माणूस फुंकताना पण पिशवी दाबतो आणि श्वास घेताना पण दाबतो. मग हवा जास्त होते, कमी होते, रीडला कळत नाही काय करायचं. फुंकताना हात ढिला सोडायचा, पिशवी हाताला बाहेर ढकलेल तेवढी ढकलू द्यायची. तोंड श्वास घ्यायला लागलं त्याच क्षणी हातानं भार घ्यायचा. एक सोडतो तेव्हा दुसरा धरतो, मधे फट नको. आणि दाबायचं ते कोपराच्या वरच्या भागानं, मनगटानं नाही. पिशवी बगलेत वर घ्या, बरेच लोक खाली कमरेकडे धरतात आणि मग खांदा दुखतो म्हणतात.

आमचे उस्ताद पहिले कित्येक दिवस चँटर लावूच द्यायचे नाहीत. चँटरच्या जागी बूच, लांब बेस ड्रोन बंद, दोन छोट्या टेनर ड्रोनपैकी एक बंद, फक्त एक टेनर चालू. सकाळी ग्राउंडच्या टोकाला उभं राहून तेवढा एक सूर धरायचा, हलला की उस्ताद लांबूनच हात वर करायचे. बोटांचं काम शून्य. तो सूर पाच मिनिटं सरळ राहिला की दुसरा टेनर, मग बेस, सगळ्यात शेवटी चँटर. तुम्ही सगळं एकदम उघडलंय म्हणून बोटं विसरतायत, बोटांचा काही दोष नाही.

लीथकर ताई
काका, हे फारच छान सांगितलंत. फक्त एक जोडते, इथे आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून यू आकारात भिंतीला लावतो, एक टोक पिशवीच्या बुचातून आत. दाब हलला की पाणी हलतं, डोळ्यांना दिसतं. मला त्याचा खूप उपयोग झाला.

निवृत्त पायपर
ताई, नळी वापरा, चूक नाही. पण आठवड्यातून एकदा. रोज पाणी बघायची सवय लागली की कान झोपतो, आणि मार्च करताना समोर पाणी नसतं.

सनईघर
साताऱ्याहून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या सनई, बॅगपाइप मी वाजवत नाही, पण मागे पुण्यात एका परदेशी पायपरबरोबर दोन दिवस बसलो होतो. तुमच्या ट्यूनरच्या प्रश्नाला उत्तर देतो.

पाइप खराब नाहीत, ट्यूनर चुकीच्या हिशोबाचा आहे. हल्लीच्या पाइपचा लो ए साधारण ४८० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा ट्यूनर ४४० वर बसवलेला, म्हणून तो बी फ्लॅटच्या वर कुठेतरी दाखवतो. लो ए ला सा म्हणा. मग चँटरचे नऊ सूर बघा, खाली कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि वरचा सा. हा आपला खमाज थाट झाला. दोन टेनर ड्रोन चँटरच्या सा च्या एक सप्तक खाली, बेस दोन सप्तकं खाली, तिन्ही षड्जच, पंचम नाही. म्हणजे तंबोरा तुमच्या खांद्यावरच आहे.

आता सी शार्प म्हणजे गंधार. षड्जाशी मिळणारा गंधार ५:४ चा असतो आणि तो पेटीच्या गंधारापेक्षा जरा उतरलेला असतो. तुमचा कान पेटीवर तयार झालाय आणि ट्यूनर पण पेटीच्याच हिशोबाचा, म्हणून दोघांना तो खाली वाटतो. ट्यूनरवर बरोबर केलात तर ड्रोनवर कर्कश लागेल. फोन बाजूला ठेवा, दोन टेनर चालू करा, एकाची नळी हळूहळू सरकवा, आवाजात जी लाट येते ना व्हंव व्हंव अशी, ती मंद होत होत थांबली की जुळले. मग गंधार लांब धरा आणि ड्रोनमध्ये तो विरघळतो का ऐका. चढा वाटला तर त्या भोकाच्या वरच्या कडेला काळी टेप थोडी लावतात, सूर उतरतो.

अजून एक सांगायचं होतं. सनईत पत्ती ओठात असते त्यामुळे आम्ही जिभेनं सूर तोडतो. तुमचं रीड आत लपलेलं, आवाज थांबतच नाही, म्हणून सा नंतर परत सा घ्यायचा तर मधे बोटानं कण घ्यावाच लागतो. ते डबलिंग, ग्रिप म्हणजे नुसता दागिना नाही, तीच तुमची जीभ आहे. आणि त्या पायपरनं मला त्यांचे बोल गाऊन दाखवले, हिहारिन, होद्रोहो असे, त्याला गेलिकमध्ये काउंतेराख्क म्हणतात, त्यांचं जे मोठं संगीत आहे पीब्रॉख ते पूर्वी असंच तोंडानं गाऊन शिकवायचे. १७९७ साली कॉलिन कॅम्पबेलनं असे बोल लिहून ठेवलेत. मी तबल्याचे बोल ऐकत वाढलो, मला ते ऐकून गलबलून आलं. तुम्ही ट्यून आधी गाऊन पाठ करा, मग बोटांवर घ्या.

क्लाइडकाठ
तुम्हा तिघांचे कसे आभार मानू कळत नाही. सहा आठवड्यांनी लिहितोय.

बूच लावून बघितलं, हवा जातच होती. ब्लोपाइपची झडप ठीक निघाली, पण ब्लोपाइपच्याच सांध्यावरचा दोरा इतका सुकलेला की नखानं ओढल्यावर तुकडे पडले. सरांनी स्वतः नवीन दोरा मेणात घोळून गुंडाळून दिला आणि रीड पण बदललं, म्हणाले मला वाटलं तुला कडक चालतंय, तू बोललाच नाहीस.

मग काकांनी सांगितलं तसं एकच टेनर. बोटं शिवशिवायची पण चँटर लावला नाही. तीन आठवडे फक्त तेवढंच, ऑफिसातून येताना नदीकाठी एका पुलाखाली, कारण पावसात पण कोरडं राहतं तिथे. पहिल्या आठवड्यात श्वास घेताना दरवेळी सूर बसायचा, अगदी दरवेळी. एका गुरुवारी अचानक लक्षात आलं की मी दोनदा श्वास घेतला आणि मला कळलंच नाही. परवा तिन्ही ड्रोन आणि चँटर, चार मिनिटं, एक स्लो मार्च दोनदा पूर्ण. गंधार विरघळतो म्हणजे काय ते आत्ता कळलं, सनईघर दादा.

खालच्या आजींना मी जाऊन सांगितलं की घरात फक्त प्रॅक्टिस चँटर वाजवतो, त्रास होत असेल तर सांगा. त्या म्हणाल्या की त्यांचे वडील पायपर होते, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता पूर्ण पाइप वाजवलेस तर खिडकी उघडी ठेवीन. आता बर्लचं कोणीतरी सांगा, करंगळी अजून तशीच आहे.