‘ड्राफ्ट बस्ट’ला मराठीत काय म्हणाल? रायन लीफच्या निमित्ताने

प्रश्न

मंडळी, एक शब्द हवाय. अमेरिकन फुटबॉलवर मराठीत लेखमाला लिहितेय आणि पुढचा लेख रायन लीफवर आहे. एनएफएल म्हणजे तिकडची व्यावसायिक लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या टीम दरवर्षी कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. १९९८ च्या ड्राफ्टमधे सॅन डिएगो चार्जर्स या टीमने दुसऱ्या नंबरवर घेतलेला हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू. पहिल्या नंबरवर पेटन मॅनिंग होता आणि या दोघांत आधी कोणाला घ्यायचं यावर तेव्हा प्रचंड वाद झाले होते. पुढे मॅनिंग हॉल ऑफ फेममधे गेला आणि लीफच्या नावाला ‘बस्ट’, म्हणजे मोठ्या अपेक्षेने घेतलेला पण न चाललेला खेळाडू, हा शब्द जो चिकटला तो चिकटलाच. तर हा बस्ट मराठीत कसा आणायचा? फ्लॉप लिहिलं तर पिक्चरबद्दल बोलतोय असं वाटतं, अपयशी फारच कोरडं होतं. आणि ड्राफ्टचं काय करू? भाषांतराच्या ॲपला विचारलं तर मसुदा म्हणतंय, ‘१९९८ च्या मसुद्यात दुसरा’ असं वाचून कुणाला काय कळणार.

प्रतिसाद १

फुसका बार! याहून नेमकं काही सापडणार नाही. मुळात बस्ट म्हणजे बर्स्टचंच बोलीतलं रूप, म्हणजे फुटणं वगैरे, त्यामुळे बारच योग्य.

प्रतिसाद २

फक्त ड्राफ्टबद्दल सांगतो. लिलाव म्हणू नका, आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे आपल्याकडे लोकांच्या डोक्यात लिलावच आहे, तिथे बोली लागते आणि ज्याच्याकडे पैसा त्याचा खेळाडू. ड्राफ्टमधे बोली नसते, पाळी असते. आधीच्या सीझनला जी टीम सगळ्यात तळाला तिची पाळी पहिली, मग तिच्या वरची, असं करत चॅम्पियन शेवटी. आपण गल्लीत दोन कॅप्टन उभे करून आळीपाळीने भिडू मागायचो ना, तसंच, फक्त तिथे कॅप्टन बत्तीस आणि आपली पाळी दुसऱ्याला विकताही येते. मी ‘पाळीनिवड’ लिहिलं असतं. नाहीतर सरळ ड्राफ्टच ठेवा, पहिल्यांदा एक ओळ समजावून सांगा की झालं.

प्रतिसाद ३

भिडूचं उदाहरण एकदम पटलं. पण फुसका बार मला अजिबात मान्य नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते कारण हा विषय माझ्या जवळचा आहे, आम्ही सॅन डिएगोत राहायचो आणि आमच्या घरी चार्जर्सची मॅच म्हणजे रविवारचं जेवण टीव्हीसमोर.

फुसका बार म्हणजे ज्यात दारूच नव्हती किंवा आधीच सादळली होती असा. वात पेटवली, सगळे कानावर हात ठेवून उभे राहिले आणि फुस्स. म्हणजे दोष बारातच. आता लीफचं कॉलेजमधलं १९९७ चं साल बघा. वॉशिंग्टन स्टेट ही काही मोठ्या खानदानातली टीम नाही, पुलमनसारख्या छोट्या गावातलं कॉलेज, त्यांना त्याने ६७ वर्षांनी रोझ बोलला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या मॅचला, नेलं. त्या सीझनला ३,९६८ यार्ड आणि ३४ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), हाइझमन ट्रॉफी या कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात तिसरा. रोझ बोल मिशिगनकडून २१-१६ असा हरले, पण मिशिगन तेव्हा देशात पहिल्या नंबरवर होती. दारू नव्हती कसं म्हणायचं?

आता चार्जर्सनी काय केलं ते. त्यांची पाळी तिसरी होती. मॅनिंग आणि लीफ दोघंच हवे तसे क्वार्टरबॅक, त्यामुळे तिसऱ्यावर थांबलो तर दोन्ही हातचे जातील या धास्तीने त्यांनी दुसरी पाळी असलेल्या ॲरिझोनाच्या टीमशी सौदा केला, फक्त एक पायरी वर सरकायला. त्या एका पायरीसाठी आपली तिसरी पाळी दिली, त्याच वर्षीची दुसऱ्या फेरीतली पाळी दिली, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी दिली आणि वर एरिक मेटकाफ आणि पॅट्रिक सॅप असे दोन खेळाडूही दिले. मग लीफला नुसत्या सहीचे १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर. पोरगं २१ वर्षांचं, त्याने अजून एक पासही टाकला नव्हता आणि त्याच्या डोक्यावर हे सगळं ओझं आधीच ठेवून झालेलं. एवढं मोजल्यावर तो नुसता बरा निघून भागणार नव्हतं, त्याला मॅनिंगच व्हायला हवं होतं.

पहिल्या दोन मॅच जिंकला, हे लोक विसरतात. तिसरी मॅच कॅन्सस सिटीला. पंधरा पास टाकले, पोचला एक. एकूण यार्ड चार. दोन इंटरसेप्शन, म्हणजे पास थेट समोरच्या टीमच्या हातात, वर हातातून बॉल सुटले ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी लॉकर रूममधे एका पत्रकारावर ओरडला आणि ते कॅमेऱ्यात सापडलं. ती क्लिप इतकी फिरली की ज्यांनी त्याची एक मॅच पाहिली नाही त्यांनाही ती पाठ आहे. मला त्या क्लिपमधे काय दिसतं सांगू? उंचापुरा गडी, मानेच्या शिरा ताणलेल्या आणि त्याला तिथून बाजूला घ्यायला जो येतो तो टीममधलाच एक खेळाडू. टीममधे या वयाच्या मुलाला सांभाळायचं काम नक्की कोणाचं होतं हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

त्या वर्षी २ टचडाउन, १५ इंटरसेप्शन. सहा मॅचनंतर कोचलाच काढलं. १९९९ चा अख्खा सीझन खांद्याच्या ऑपरेशनमधे गेला, मॅनेजमेंटशी भांडण, निलंबन. २००० मधे चार्जर्स एक जिंकले आणि पंधरा हरले, आणि ती एक मॅचसुद्धा लीफ क्वार्टरबॅक असतानाचीच. मग चार्जर्सनी त्याला सोडून दिलं. एकूण २१ मॅच त्याने सुरू केल्या, त्यातल्या ४ जिंकल्या, १४ टचडाउन आणि ३६ इंटरसेप्शन. २००२ मधे रिटायर झाला तेव्हा वय २६.

आता शब्दाकडे येते. मराठीत आपण ‘अपेक्षाभंग’ म्हणतो तेव्हा तो कुणाचा होतो बघा. ‘माझा अपेक्षाभंग झाला.’ तो नेहमी अपेक्षा करणाऱ्याचा होतो, ज्याच्याकडून केली त्याचा नाही. भ्रमनिरासही तसाच, भ्रम आपला, निरास आपला. आणि ‘फसणं’ हे क्रियापद घ्या. बेत फसतो, प्रयोग फसतो, डाव फसतो, म्हणजे ज्याने आखला त्याच्याकडे बोट जातं. म्हणून माझ्या मते लेखात ‘फसलेली निवड’ लिहा. लीफ फसला असं नाही, चार्जर्सची निवड फसली. इंग्रजीत ‘लीफ इज अ बस्ट’ म्हणतात तिथे सगळं खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटतं, ज्यांनी पारखून घेतला ते वाक्यात कुठे दिसतच नाहीत. चार्जर्सचा तेव्हाचा जनरल मॅनेजर, ज्या बॉबी बेथर्डने ही निवड केली तो २०१८ मधे हॉल ऑफ फेममधे गेला, आणि योग्यच गेला, त्याचं आधीचं काम खरंच थोर आहे, पण त्याच्या आयुष्याची बेरीज करताना लीफ ही एक नोंद धरली आणि लीफच्या आयुष्याची बेरीज मात्र एका शब्दात संपवली, हे मला फार खुपतं.

प्रतिसाद ४

ताई, लिहिलंत छान, पण आपण जरा जास्तच मऊ होतोय का? मॅनिंग पण त्याच वयाचा, त्याच्यावर पण तेवढंच ओझं. पहिल्या वर्षी त्याने २८ इंटरसेप्शन दिले, नवख्यासाठी विक्रम आहे तो, टीम ३ जिंकली आणि १३ हरली. पण तो कुणावर ओरडला नाही, मॅचचे व्हिडिओ बघून शिकत बसला. लीफच्या बाबतीत मी ‘संधीची माती केली’ म्हणेन. कर्ता सरळ तोच. आपल्या भाषेत हा वाक्प्रचार आहे तर तो वापरायला का घाबरायचं.

प्रतिसाद ५

‘वाया गेला’ कुणी कसं नाही सुचवलं? आपल्याकडे विनोद कांबळीबद्दल निम्मा महाराष्ट्र हेच म्हणतो.

प्रतिसाद ६, परत प्रतिसाद ३ वाली

दोघांना एकत्र उत्तर देते.

कांबळी इथे बसत नाही. १७ टेस्ट, ५४ च्या वर सरासरी, दोन डबल सेंच्युरी. त्याने वरच्या पातळीवर करून दाखवलं होतं, आपण हळहळतो ते पुढचं मिळालं नाही म्हणून. लीफने त्या पातळीवर दाखवलंच नाही. आणि ‘वाया गेला’ म्हटलं की माणूसच मोडीत काढल्यासारखं होतं, ‘पोरगं वाया गेलं’ आपण कोणत्या सुरात म्हणतो ते आठवा. लीफचं नंतरचं आयुष्य वाईट झालं हे खरंय, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, त्यापायी चोऱ्या, २०१२ मधे माँटानात अटक, तुरुंग. पण २०१४ च्या शेवटी बाहेर आल्यावर तो व्यसनमुक्तीच्या कामात उतरला, स्वतःचं सगळं उघड सांगत कॉलेजच्या पोरांसमोर उभा राहिला. त्याला वाया गेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मातीबद्दल. तो तेव्हा उद्धट वागला हे तो स्वतः जाहीरपणे सांगतो, मी ते झाकत नाहीये, आणि मॅनिंगचे आकडे तुम्ही आणलेत ते बरंच झालं. २८ इंटरसेप्शन देऊनही कोल्ट्सनी, म्हणजे त्याच्या टीमने, त्याला सगळ्या सोळा मॅच खेळू दिलं, एकदाही बसवलं नाही. पण स्वभावाचा वाटा तुम्ही म्हणता तेवढा मोठा असता तर ज्यांचा स्वभाव चांगला ते सगळे चालले असते. त्याच वर्षी तिसऱ्या नंबरवर आंद्रे वॉड्सवर्थ होता, म्हणजे चार्जर्सनी दिलेल्या पाळीवरच ॲरिझोनाने घेतलेला. त्याचे गुडघे गेले आणि तीन सीझनमधे त्याचं ॲरिझोनातलं खेळणं संपलं. त्याला कुणी लीफच्या सुरात बस्ट म्हणत नाही, नुसतं ‘बिचाऱ्याचा गुडघा’. म्हणजे या शब्दात खेळाचा हिशोब थोडा आणि राग जास्त आहे.

प्रतिसाद ७

राग पैशाचाही असतो हो. २००७ मधे ओकलंड रेडर्सनी जमार्कस रसेलला पहिल्या नंबरवर घेतलं, गुडघ्यावर बसून साठ-साठ यार्ड बॉल फेकायचा म्हणून सगळे वेडे झाले होते, तीन कोटी डॉलरच्या वर नुसती हमी. २५ मॅच सुरू केल्या, ७ जिंकल्या, २०१० मधे घरी. आणि दुसऱ्या नंबरवर कॅल्विन जॉन्सन होता, तो आज हॉल ऑफ फेममधे. २०११ पासून नवख्यांच्या पगाराला मर्यादा आली. २०१० च्या पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफोर्डला ५ कोटींची हमी होती आणि पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचं अख्खं कॉन्ट्रॅक्ट सव्वादोन कोटींच्या आत. तेव्हापासून बस्ट हा शब्द तेवढ्या चिडून म्हटला जात नाही असं माझं निरीक्षण आहे. अशा वेळी मला ‘पैशाचं चीज झालं नाही’ हे फिट वाटतं.

प्रतिसाद ८, परत प्रतिसाद ३ वाली

चीज! हा शब्द माझ्या ओठावर होता आणि येत नव्हता. पैशाचं नको, गुणांचं चीज. ‘त्याच्या गुणांचं चीज झालं नाही.’ यात गुण होते हे कबूल आहे, झालं नाही हेही कबूल आहे आणि कुणी केलं नाही ते वाक्य उघडं ठेवतं, म्हणजे लीफचा स्वभावही त्यात येतो, चार्जर्सचा उतावीळपणाही येतो आणि खांदाही येतो. आपल्याकडे हे म्हणताना आवाजात आपोआप हळहळ असते, खेकसणं नसतं. क्लबच्या बाजूने लिहाल तिथे ‘निवड फसली’ आणि त्याच्या बाजूने लिहाल तिथे ‘गुणांचं चीज झालं नाही’, दोन्ही लागतील.

एक गोष्ट लेखात नक्की घाला. १ विजय १५ पराभव यामुळे २००१ मधे चार्जर्सची पाळी पहिली आली. ती त्यांनी अटलांटाला विकली, अटलांटाने मायकेल विक या क्वार्टरबॅकला घेतलं, आणि चार्जर्सना पाचव्या नंबरवर लेडेनियन टॉमलिन्सन आणि दुसऱ्या फेरीत ड्रू ब्रीझ असे पुढे फार गाजलेले दोन खेळाडू मिळाले. आमच्या घरी टॉमलिन्सनचं नाव अजून निघतं. तो आला त्याचं एक कारण लीफचं ते वाईट वर्ष.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. सुरुवात अशी लिहिलीय, बघा जमतंय का: ‘१९९८ च्या ड्राफ्टमधे चार्जर्सनी दुसऱ्या फेरीत रायन लीफला घेतलं. ही निवड फसली. तिकडे अशा खेळाडूला बस्ट म्हणतात. लीफच्या गुणांचं चीज का झालं नाही हे समजून घ्यायचं तर आधी त्याच्यासाठी काय काय मोजलं गेलं ते बघायला हवं.’

प्रतिसाद २ वाला

मस्त जमलंय. फक्त ‘दुसऱ्या फेरीत’ नको, तो पहिल्या फेरीतच होता, दुसऱ्या पाळीला. फेरी म्हणजे सगळ्या टीमची एकेकदा पाळी येऊन जाते ती. दुसऱ्या फेरीतला ब्रीझ, त्याचा एकूण नंबर ३२. एवढं बदला आणि टाका लेख.