मदत हवी आहे: मी दुकानात नसले की गिऱ्हाइकाशी नीट वागलं जात नाही. काय करू?

केतकी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. आईने घरच्या ओट्यावर सुरू केलं, मग गाळा घेतला. तिचे गुडघे धरल्यापासून, म्हणजे तीन वर्षं झाली, मी बघते. त्याआधी बँकेत नोकरी होती. चार मावशी पोळ्या लाटतात, एक काकू भाजी-आमटी करतात, काउंटरवर दोन मुली आहेत आणि ऑर्डरी पोचवायला एक मुलगा. रोज आठ-नऊशे पोळ्या जातात. संध्याकाळी साडेसहानंतर लोकलमधून उतरलेली माणसं थेट दुकानावर येतात, तेव्हा पाणी प्यायलाही उसंत नसते. चवीबद्दल कुणी बोट दाखवत नाही. दुखणं आहे ते काउंटरचं.

गणेश चतुर्थीला झालेला प्रकार सांगते. यंदा उकडीच्या साडेसहाशे मोदकांच्या ऑर्डरी होत्या. आईच्या वेळेपासून येणाऱ्या एक आजी आहेत, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, घरी एकट्या. त्यांनी आठ दिवस आधी २१ मोदक सांगून पैसेही भरले होते. साडेअकराला न्यायला आल्या तर त्यांच्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणाला तरी त्यांचा डबा दिला गेला होता. नारळ कमी पडले म्हणून मी तेव्हा बाजारात गेले होते. मुलीने यादी पाहिली, नावापुढे खूण दिसली, आणि म्हणाली, "तुमचे नेलेत की. मॅडम आल्या की या." मागे दारापर्यंत रांग. आजी काही न बोलता घरी गेल्या आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मला हे चार दिवसांनी त्यांच्या शेजारणीकडून कळलं. मुलीने मला सांगितलंच नव्हतं.

त्या वेळी आत परातीत वाफेवरून उतरवलेले चाळीसएक मोदक होते, दुपारच्या ऑर्डरींचे. त्यातले २१ उचलून दिले असते तर आम्ही मागाहून पुन्हा केले असते. हे काही केल्या मनातून जात नाही.

एरवीचंही असंच. पोळ्या कडक झाल्या म्हणून कुणी आलं की "आम्ही नाही, आत मावशी करतात". सुट्टे मागितले की बोट क्यूआर कोडकडे. मी समोर असले की मात्र याच मुली "या काकू, काय देऊ?" म्हणतात.

दसऱ्यापासून फराळाच्या ऑर्डरी सुरू होतील. काउंटरवर आवाज टिपणारा कॅमेरा बसवावा, काय बोलायचं ते कागदावर लिहून चिकटवावं आणि चुकीला ठरावीक दंड ठेवावा, असं मनात आहे. कुणी हे केलंय का? आणि त्या आजींसाठी काय करू?

प्रवीण_मुलुंड

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात कॅमेरा आहे. गल्ल्याचा हिशोब लागतो, डबा कुणी नेला तेही दिसेल. बोलणं त्याने सुधारत नाही, हा माझा अनुभव. पोरं कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहायला लागली.

अनुराधा_म

ताई, एक विचारते, रागावू नका. त्या २१ मोदकांचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून गेले? आणि तुम्ही नसताना काउंटरवरची मुलगी स्वतःच्या मनाने किती रुपयांपर्यंतचं काही देऊ शकते?

केतकी_डोंबिवली

मोदक ३५ रुपयाला एक. ७३५ रुपये आजींना लगेच परत पाठवले आणि तेवढेच मुलीच्या पगारातून कापले. याआधीही कापलेत. एकदा रश्शाचा डबा सांडला होता, एकदा पावशेर खव्याच्या पोळ्या जास्त गेल्या होत्या. मनाने द्यायचं म्हणाल तर काहीच नाही. एक पोळी बदलून द्यायची तरी मला फोन करतात. मी ते शिस्तीसाठी केलं होतं. आता इथे लिहून बघितलं तर हात थांबला. आईने कधी कुणाचे पैसे कापले नव्हते.

अनुराधा_म

मग ती मुलगी तुमच्या दुकानाच्या नियमाप्रमाणेच वागली. परातीतले चाळीस मोदक दुपारच्या गिऱ्हाइकांचे आहेत हे तिला माहीत होतं. त्यातले दिले आणि दुपारी कमी पडले, तर तेही तिच्याच पगारातून जाणार. आजींना परत पाठवण्यात तिचं एका पैशाचंही नुकसान नव्हतं. चार दिवस तिने सांगितलं का नाही, याचंही उत्तर इथेच आहे.

मी कामगारविषयक कागदपत्रं बघते म्हणून सांगते. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, हे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातसुद्धा लिहिलेलं होतं. तुम्ही तिला विचारलं होतं का, की नेमकं काय झालं? आडनावावरून डबा देण्याची पद्धत तिने घातली की तुम्ही?

आणि ७३५ रुपये आजींना कुणी नेऊन दिले?

केतकी_डोंबिवली

डिलिव्हरीच्या मुलाने. पाकिटात घालून. मी गेले नाही, मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

आडनावाची यादी माझीच.

भांडीवाले_काका_सांगली

केतकीताई, आमचं सांगलीत भांड्यांचं दुकान, मी ३८ वर्षं गल्ल्यावर बसलोय. भांड्यावर नाव घालून द्यायचं काम आमच्याकडे फार. लग्नसराईत रुखवताची भांडी येतात, त्यांवर मुलीचं नाव, गाव, तारीख. एकदा आमच्या गड्याने एका मोठ्या पितळी परातीवर मुलीचं नावच चुकीचं घातलं. घातलेलं नाव पुसता येत नाही. लग्न दुसऱ्या दिवशी. मुलीचे वडील दुकानात उभे, चेहरा उतरलेला. मी तरणा होतो, गड्यावर तोंड सोडणार तेवढ्यात आमचे वडील उठले. त्यांनी नवी परात काढली, मशीन स्वतः हातात घेतलं आणि नाव कागदावर त्या गृहस्थांच्याच हातून लिहून घेतलं. परात देताना म्हणाले, "चूक आमच्या दुकानाची आहे." गड्याचं नाव तोंडातून काढलं नाही.

ती चुकीच्या नावाची परात वडिलांनी घरी आणली. पंधरा वर्षं आमच्याकडे त्यात कणीक मळली गेली. नाव कुणाचं म्हणून पाहुणे विचारायचे. गड्याला एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून नियम झाला की नाव गिऱ्हाइकाने आपल्या हाताने लिहून द्यायचं, त्यावरून बघून घालायचं. आजतागायत तो चालू आहे. मी मात्र त्या दिवशी गड्याला हाकललं असतं, आणि नवा गडीही पुढच्या लग्नात तीच चूक करता, कारण पद्धत तीच राहिली असती.

तुम्ही काउंटरच्या मुलींना रोज एक ठरावीक रक्कम मोकळी करून द्या. तुमच्या धंद्याला ३०० पुरतील, सणाच्या दिवशी जास्त ठेवा. तेवढ्यात कुणाला पोळ्या बदलून द्या, भाजी जास्त द्या, पैसे परत करा, विचारायचं नाही. फक्त वहीत एक ओळ लिहायची: काय झालं, काय दिलं. ती वही रात्री वाचताना "का दिलं?" असं विचारायचं नाही. एकदा विचारलंत की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फोन सुरू. पहिले आठ-दहा दिवस हात जरा सैल सुटेल, छातीवर दगड ठेवून गप्प बसा.

कागदावरची वाक्यं नकोत. माणूस वाक्यं म्हणायला लागला की गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

नीता_व

मी पाच वर्षं एका कापडाच्या दुकानात काउंटरवर होते, म्हणून त्या मुलीच्या बाजूने लिहिते. गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा आमच्या डोक्यात एकच असतं, आता मालक कुणासमोर काय बोलणार. माझ्या मालकांनी एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर माझी लायकी काढली. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. त्यानंतर मी तिथे दोन वर्षं काम केलं, पण मनापासून कुणाला "या" म्हटलं नाही.

अजून एक. तुमच्या मुलींना बसायला काय आहे? दुपारी तीन ते पाच मिळत असेल, पण संध्याकाळी पाच ते साडेनऊ? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं, ते विक्रीच्या कामातल्या बायकांनी पाय सुजेपर्यंत उभं राहिल्यावर आवाज उठवला म्हणून. आठ वाजता टाचा ठणकत असताना आवाजात गोडवा आणणं किती अवघड असतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दोन उंच स्टुलं आणा. मालकीण समोर असतानाही बसायचं, हे तुम्हीच तोंडाने सांगा, नाहीतर स्टुलावर पिशव्या ठेवल्या जातील.

स्मिता_ठाणे

मी घरून मोदक आणि फराळ करते, त्यामुळे डब्यांचं बोलते. आडनावावर डबे देऊ नका, आपल्याकडे एकाच सोसायटीत चार जोशी आणि पाच पाटील निघतात. मुंबईचे डबेवाले बघा, डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात. कुठल्या स्टेशनाला उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं त्या खुणेत. हाताहाताने पुढे जाताना कुणाला कुणाचं नाव माहीत असायची गरज पडत नाही. तुम्ही दोन भागांचं कूपन छापा. एकच नंबर दोन्हीवर, अर्धं गिऱ्हाइकाकडे, अर्धं डब्याला. कूपन हातात आल्याशिवाय डबा हलवायचा नाही. कूपन हरवलं तर फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. डबे न्यायच्या वेळेप्रमाणे मांडा, दहा-अकराचे एका फळीवर, अकरा-बाराचे दुसऱ्या. आणि मोदक ऑर्डरीपेक्षा ३० जास्त करा. ते कुणाचेही नाहीत हे सगळ्यांना माहीत असू दे. उरले तर मावशी घरी नेतील.

डबेवाल्यांकडचं अजून एक मला आवडतं. त्यांच्या टोळीचा मुकादम गिऱ्हाइकांशी हिशोब ठेवतो, भांडणं मिटवतो, आणि कुणी आला नाही तर स्वतः डबे उचलतो.

फराळाला प्रत्येक पिशवीवर तळल्याची तारीख घाला. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर कुठल्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहेच, चकली-चिवड्यालाही तीच सवय लावा. "ताजं आहे का?" विचारल्यावर मुलगी "हो, ताजंच" म्हणते, कारण तिला माहीत नसतं. तारीख असली की ती खरं सांगू शकते.

केतकी_डोंबिवली

बारा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

आधी मुलीशी बोलले. आत, मावशींसमोर, कारण पैसे कापल्याचं सगळ्यांना माहीत होतं. ७३५ रुपये परत दिले, आणि रश्शाचे आणि खव्याच्या पोळ्यांचेही. चूक माझी होती, यादी माझी होती, हे सांगितलं. ती काही बोलली नाही. पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "आई असती तर त्या दिवशी तिनेच आजींना आत बसवलं असतं." ते ऐकून घेतलं.

आजींकडे एकटीच गेले, मुलीला बरोबर नेलं नाही. चहा केला त्यांनी. मोदकांबद्दल म्हणाल्या, "देवाला गूळखोबरं चालतं गं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, की पाकीट आलं तेव्हा जास्त वाईट वाटलं. मी त्यांना दर चतुर्थीला पाच मोदक देईन म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. त्या अजून दुकानात आलेल्या नाहीत. मी आग्रह करणार नाही, जाऊन येत राहीन.

कूपनं छापायला दिली आहेत. स्टुलं आली, पहिले तीन दिवस खरोखरच त्यांवर पिशव्या होत्या. वही काउंटरवर ठेवली, रोजचे ३०० ठरवले. आठवडाभर कोरी राहिली. दोन वेळा फोन आला, दोन्ही वेळा "तू ठरव" म्हणून ठेवला. परवा थालीपिठाच्या भाजणीची पिशवी फाटकी निघाली म्हणून एक बाई परत आल्या. मी मागे कणीक मोजत होते. मुलीने माझ्याकडे न बघता नवी दिली. रात्री वहीत पाहिलं: "भाजणी अर्धा किलो, पिशवी फाटली, बदलून दिली. ९० रु." खाली तिची सही, जी मी मागितली नव्हती.

कॅमेरा सध्या घेत नाही.

आता एक अडलंय. चार मावशींपैकी तिघींना लिहिता येत नाही, आणि आतली अडचण, म्हणजे पीठ वेगळं आलंय, तवा नीट तापत नाहीये, हे काउंटरला पोळ्या कडक झाल्यावरच कळतं. त्यांच्याकडून वेळेत कसं काढून घ्यावं? विचारलं की "सगळं ठीक आहे ताई" एवढंच म्हणतात.

भांडीवाले_काका_सांगली

विचारू नका. दुपारी अर्धा तास पोळपाट घेऊन त्यांच्या शेजारी लाटायला बसा. पीठ कसं आहे ते तुमच्या हाताला कळेल, आणि हात चालू असले की बायका बोलतात. काउंटरच्या एका मुलीलाही आळीपाळीने बरोबर बसवा.

केतकी_डोंबिवली

माझ्या पोळ्या गोल होत नाहीत काका. पण उद्यापासून बसते.