मिरवेलींच्या मुळांना ट्रायकोडर्मा: कधी आणि कसा द्यावा?

सत्तरी_कुळागर: आमच्या जुन्या कुळागरात पोफळींवर चाळीसेक मिरवेली आहेत. गेल्या श्रावणात सात वेली आठवड्याभरात गेल्या. पानं गळली, बुंध्याची साल अंगठ्याने चोळली तर हातात आली, आत काळं आणि कुजका वास. पाट खालच्या विहिरीकडे जातो, म्हणून रासायनिक औषध ओतायला मन धजत नाही. ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पुडी आणलीय. पाण्यात कालवून सरळ ओतू का? सोबत सुडोमोनास (रोग रोखणारे जिवाणू) चालेल? आणि पोफळींना बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारावाच लागतो, त्याचं काय?

फोंड्याची_बागायतदार: दादा, ही फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जंतूची मूळकूज दिसते. तिचे बीजाणू पाण्यातून पोहत एका आळ्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून आधी चर मारून पाणी काढा. बुंध्याशी पाणी तुंबत राहिलं तर कुठल्याच पुडीचा उपयोग नाही. मेलेल्या वेली मुळांसकट काढून जाळा.

पुडी तशीच ओतू नका. ट्रायकोडर्माला आधी खायला द्यावं लागतं. मी 90 किलो मुरलेलं शेणखत, 10 किलो निंबोळी पेंड आणि एक किलो ट्रायकोडर्मा कालवते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल. ढीग सावलीत गोणपाटाखाली ठेवायचा, तीन-चार दिवसांनी वरखाली करायचा. दहा-पंधरा दिवसांत गोणपाट उचललं की शेणावर हिरवी पूड धरलेली दिसते. मग पहिल्या पावसाने माती भिजली की वेलीच्या मुळांशी घालून वर पालापाचोळा. ऑगस्टअखेर पुन्हा एकदा.

सुडोमोनास चालतो, मी पंधरा दिवसांनी वेगळा देते. बोर्डोतलं तांबं मात्र दोघांनाही मारतं. तो पोफळीच्या घोसांवरच मारा, मुळांशी ओतू नका, आणि मध्ये तीनेक आठवडे जाऊ द्या. फवारताना आम्ही बुंध्याभोवती झावळ्या अंथरतो.

काणकोणकर: गेलेल्या वेलींच्या जागी नवी रोपं लावणार असाल तर मायकोरायझा (मुळांत राहून झाडाला स्फुरद मिळवून देणारी बुरशी) घ्या. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे लावतानाच मुळांना लागेल अशी घाला. सुपरफॉस्फेट भरमसाट नको, स्फुरद जास्त झालं की झाड तिला थारा देत नाही. (परसातल्या मुळा-नवलकोलांना घालू नका, त्या कुळाच्या मुळांत ती शिरतच नाही.)

माडाखाली: पुडीवरची तारीख बघा! मला एका दुकानात मुदत संपलेली मिळाली होती. पंधरा दिवस ढीग जपला, शेणावर हिरवा ठिपकासुद्धा नाही. एका ग्रॅममध्ये निदान 20 लाख जिवंत बीजाणू लिहिलेले हवेत. खात्री हवी असेल तर जुन्या गोव्यात एला इथे केंद्राची किनारी कृषी संशोधन संस्था आहे, रोगट मूळ मातीसकट नेऊन दाखवा.

सत्तरी_कुळागर: ताई, देव बरें करूं. तारीख पाहिली, मुदतीत आहे. अजून एक, खालच्या दोन वेलींची पानं आताच पिवळी पडतायत. त्या वाचतील?

फोंड्याची_बागायतदार: बुंधा चोळून बघा. साल घट्ट असेल तर आशा आहे. काळी पडून सुटत असेल तर आजच काढा, शेजारच्या वेलींसाठी.