ऑस्ट्रॅसिझम: वाळीत, तडीपार की आणखी काही?

बोरू: मुलांसाठी प्राचीन अथेन्सवरची पुस्तिका अनुवादित करतेय. नको असलेल्या पुढाऱ्याला लोकांनी मतं देऊन शहराबाहेर घालवायचं, या तिथल्या पद्धतीला म्हणजे ऑस्ट्रॅसिझमला मी 'वाळीत टाकणे' लिहिलं, संपादकांनी खोडून 'तडीपारी' केलं. मला दोन्ही खटकतात. वाळीत टाकलेला माणूस गावातच असतो, फक्त त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. अथेन्समध्ये मात्र 10 दिवसांत शहर सोडायचं, तेही 10 वर्षांसाठी. घरदार, शेती मात्र त्याचीच राहायची.

पायवाट: तडीपारी नकोच. ती गुंडांची, पोलिसांच्या हुकमाने, फार तर 2 वर्षांची. असं घालवलेल्या थेमिस्टोक्लीस या सेनापतीने तर अथेन्सला इराण्यांविरुद्धची सॅलमिसची लढाई जिंकून दिली होती. लोकांना तो डोईजड वाटला, एवढंच. 'हद्दपारी' लिहा.

निंबोणी: हद्द अरबी आहे. 'निर्वासन' का नको?

पायवाट: मुलांना निर्वासितांच्या छावण्या आठवतील म्हणून. माझी आजी घरात शिरणाऱ्या बोक्यालासुद्धा हद्दपार करायची, तिला तो शब्द परका नव्हता.

खडूफळा: बोरूताई, मूळ शब्दाकडे बघा. ऑस्ट्राकॉन म्हणजे खापर! फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरून मत द्यायचे, किमान 6000 खापरांशिवाय निकाल लागत नसे. म्हणून 'खापरमत'. आपलं 'खापर फोडणे' तिथूनच आलं असेल, मला तर खात्री वाटते.

निंबोणी: खापर संस्कृत 'खर्पर'वरून आलंय. ग्रीसपर्यंत कशाला जायचं?

बोरू: 'खापरमत' आवडलं. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने सांगितलेली गोष्ट पुस्तिकेत आहेच: एक अडाणी शेतकरी समोरच्यालाच म्हणतो, यावर अ‍ॅरिस्टायडीसचं नाव लिहून दे. समोर तोच असतो. काय वाईट केलं त्याने, विचारल्यावर शेतकरी म्हणतो, काही नाही, सारखं 'न्यायी, न्यायी' ऐकून कंटाळलो. तो मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून देतो.

पायवाट: गोष्ट सुंदर आहे, पण सगळेच इतके भाबडे नव्हते. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची 190 खापरं सापडली, हस्ताक्षरं मात्र मोजकीच. कुणीतरी वाटायला लिहून ठेवलेली.

निंबोणी: मग खापरं फोडायची नाहीत, मोजायची. 'खापरमत' वाचून मुलं दोषारोप समजतील. त्यासाठी तिथे वेगळा विधी होता: थार्गेलिया सणात दोघांना 'फार्माकोस' म्हणून वेशीबाहेर काढत, गावाचा विटाळ त्यांच्याबरोबर जावा म्हणून. खापर फोडणे ते.

केळीचंपान: आमच्या खानदेशात खापर म्हणजे तुकडा नव्हेच. मांडे भाजायला चुलीवर पालथं घालतात ते अख्खं मातीचं भांडं. तुकडा ती खापरी.

खडूफळा: आमच्याकडे खापरी म्हणजे लंगडीच्या खेळातली चकती! विदर्भात काय म्हणतात?