मदत हवी आहे: रिअर व्हील ड्राइव्ह सेडान बर्फात चढावर अडकते

नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात मॉन्ट्रियलला असतो, गाडी रिअर व्हील ड्राइव्ह (म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी) सेडान, सेकंडहँड घेतलेली. इथे १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात त्यामुळे ते आहेतच, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले. तरी चढावर सिग्नलला थांबलं की मागची चाकं जागच्या जागी फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू नयेत म्हणून असलेली यंत्रणा) पॉवर कापतं आणि गाडी हलतच नाही. सपाट रस्त्यावर इतकी सुंदर चालते की विकायचं अजिबात मनात नाही, पण बायको नाइट शिफ्टला हीच गाडी नेते म्हणून जीवाला घोर लागतो.

एक जण म्हणतो अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून सेकंड गिअरमध्ये हळूच काढा, दुसरा म्हणतो मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून डिकीत वाळूची पोती टाका, पण ती नीट बांधली नाहीत तर ब्रेक मारल्यावर सरकणार, आणि वळणावर मागचा भाग जास्तच फेकला जाईल असं मला वाटतं. कोणी खरंच वापरलीयेत का, किती किलो?

शिवाय मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत, पुढच्या सीझनला चारही एकाच, जरा अरुंद साइजचे घेतले तर फरक पडेल का? आणि थंडीत हवा कमी होते हे माहितीये, पण भरूनही टायर प्रेशरचा दिवा जात नाही, सेन्सर बदलावे लागतील का?