अनुभव धागा: सहकुटुंब सायकल शर्यत बघायला जाताना

मुलांना घेऊन दिवसभरासाठी जवळपासच्या सायकल शर्यतीला जायचं, तर आधी काय पाहावं आणि हमखास काय चुकतं? आपल्या किश्श्यांपेक्षा नेमक्या गोष्टी लिहा.

---

आधी शर्यतीचा प्रकार विचारा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी असेल तर शंभर मीटर लांबीचा घोळका ताशी ४० किमीने समोरून जायला ९ सेकंद लागतात. दोन तास वाट बघून नऊ सेकंद! मुलं चिडणारच. अशा शर्यतीत चढ गाठा. तिथे वेग १५ वर येतो, घोळका तुटतो, चेहरे दिसतात. लहान मुलं असतील तर फेऱ्यांची शर्यतच बरी. २ किमीची फेरी असेल तर दर तीन मिनिटांनी सगळे परत समोर. शेवटच्या फेरीला घंटा वाजते, ती ऐकायला मुलं कान टवकारून बसतात.

---

गाडी फेरीच्या आत लावू नका. रस्ता बंद झाला की शेवटचा स्पर्धक येईपर्यंत अडकलात. बाहेर लावा, तोंड परतीच्या दिशेला करून.

---

वळणाच्या बाहेरच्या कडेला उभं राहू नये, घसरलेली सायकल सरळ तिकडेच जाते. आतली कडाही अगदी टोकाला नको, तिथे स्पर्धक कठड्याला घासून वळतात. हात, झेंडा, मोबाइल कठड्याच्या अलीकडेच. मोबाइलच्या पडद्यातून बघताना अंतर खरं कळत नाही, म्हणून लोक नकळत पुढे झुकतात.

---

वरच्यांना जोड: घोळका गेला की लोक लगेच रस्ता ओलांडतात. खरा धोका तेव्हाच असतो. मागून मदतीच्या गाड्या जोरात येतात, आणि मागे पडलेले एकटे-दुकटे स्पर्धक मान खाली घालून. ताफ्याची शेवटची गाडी गेल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

---

मुलांची शर्यत असेल तर घरची सायकल न्यावी लागते, आणि सगळे घोळ तिथेच होतात. गाडीत मावावी म्हणून पुढचं चाक काढताना रिम ब्रेकची (चाकाच्या कडेला दोन्हीकडून आवळणारा ब्रेक) केबल सोडतात. चाक बसतं, केबल तशीच राहते आणि ब्रेक लागतच नाही. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला आवळणारा) असेल तर चाक नसताना लिव्हर दाबू देऊ नका (मुलं दाबतातच). हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर चकती पकडणारे पॅड जवळ येतात, मग डिस्क आत शिरत नाही. पॅडमध्ये जाड पुठ्ठा अडकवून ठेवा. चाक बसवताना सायकल जमिनीवर उभी धरा, म्हणजे आस खाचेत पूर्ण बसतो. उलटी ठेवून बसवलं तर चाक तिरकं राहू शकतं. क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक काढण्या-बसवण्याचा) खटका बंद करताना तळहातावर वळ उठला पाहिजे. सहज मिटला तर तो सैल आहे.

हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच. जास्त भरून वेग वाढत नाही, खडबडीत रस्त्यावर सायकल नुसती उडते. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर. कपड्यावर लावायच्या स्पर्धक-नंबराला चार कोपऱ्यांत चार पिना. दोनच लावल्या की तो फडफडतो आणि पंचांना वाचता येत नाही.

---

"कोण जिंकलं?" यावर घरोघरी वाद होतो म्हणून सांगते: डोकं किंवा हात नाही, पुढच्या चाकाची पुढची कड रेषेवर आधी पोचली तो जिंकला. म्हणून शेवटच्या क्षणी स्पर्धक दोन्ही हात ताणून सायकल पुढे झोकतात. ते दिसायला रेषेच्या समोरच उभं राहावं लागतं, आणि ती जागा तासभर आधीच भरते.